टाकी, वाफा आणि ओतीव लेथ

इ. स. १८४९ मध्ये लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रसायनज्ञाच्या हुद्द्यावर असलेल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या गृहस्थाने बारा गॅलन पाणी मावेल अशा एका काचपात्रात तळाशी वाळू व माती पसरली, तीत फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती रोवली, दोन लहान सोनेरी मासे सोडले, आणि पाणी मुळीच न बदलता हा चिमुकला संसार किती दिवस चालतो ते पाहावयाचे ठरविले. काही काळ सारे सुरळीत चालले. नंतर जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेला आतून हिरवट बुळबुळीत थर चढला, आणि प्रयोग फसणार अशी चिन्हे दिसू लागली. अशा वेळी पाणी ओतून देऊन मोकळे व्हावे हा सर्वांचाच प्रघात. परंतु तळ्यातला कुजका पाला अखेर कोणाच्या पोटात जातो, असा प्रश्न वॉरिंग्टनला पडला, आणि त्याने पात्रात काही पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि तो थर खाऊन फस्त केला, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना आयते खाद्य झाली. पुढच्याच वर्षी केमिकल सोसायटीपुढे त्याने ही हकीगत मांडली. ती मांडताना पाणी नासल्याचा भाग त्याने गाळला नाही, आणि माझ्या मते त्या साऱ्या निबंधात मोलाचा भाग तोच होय, कारण काम कोठे अडते हे कळल्यावाचून दुसऱ्याच्या घरी तो प्रयोग उभा राहिलाच नसता.

माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया, जो माशांना विषासमान आहे, तो पाण्यातून जातो कोठे, हे मात्र वॉरिंग्टनच्या काळी कोणास ठाऊक नव्हते; आणि योगायोग असा की या कोड्याच्या उलगड्यात त्याच्याच मुलाचा मोठा वाटा आहे. १८७७ साली श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मैलापाणी वाळूच्या थरातून हळूहळू झिरपविले असता त्यातील अमोनियाचे नायट्रेट बनते, आणि हे काम सजीव सूक्ष्म जंतू करतात, असे दाखवून दिले. पित्याचेच नाव धारण करणाऱ्या धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टनने इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत हा विषय अनेक वर्षे चिकाटीने तपासला, आणि हे परिवर्तन एका दमात होत नसून आधी अमोनियाचे नायट्राइट व मग नायट्राइटचे नायट्रेट अशा दोन पायऱ्यांनी होते, असे सिद्ध केले. ते जंतू वेगळे काढून दाखविण्याचा मान १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे गेला. बापाने टाकी मांडली आणि मुलाने तिच्यात अदृश्यपणे चाललेला व्यवहार उलगडला, असा विद्येचा वारसा इतिहासात वारंवार आढळत नाही.

ज्याला आज ॲक्वापोनिक्स म्हणतात, म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी भाजीच्या वाफ्यात आणि वाफ्यातून निथळलेले पाणी पुन्हा टाकीत, अशी जी रचना हौशी माणसे परसात वा गच्चीवर करतात, तिचा सारा पाया या दोन पायऱ्यांवर आहे. टाकी भरली, मासे सोडले, रोपे लावली, एवढ्याने काम होत नाही. खडीच्या प्रत्येक कणावर त्या जंतूंची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा धीर नसलेल्या नवशिक्याचे मासे बहुधा पहिल्या पंधरवड्यातच उलटे होऊन तरंगतात. भात आणि मासे एकाच पाण्यात वाढविण्याची रीत चीनमधील झेजियांग प्रांतात हजार वर्षांहून जुनी आहे. आणि आपल्या गोव्यातील खाजणांत, मानशीच्या दारांतून भरतीचे पाणी आत-बाहेर करीत, कोरगुट भाताचे पीक व मासळी यांची सांगड शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातली आहे. तथापि खाजणाला समुद्र लागतो, बांध लागतो, गावकीची व्यवस्था लागते. एका कुटुंबाच्या ऐपतीत आणि चार भिंतींच्या आवारात ही सांगड बसविण्याचा खटाटोप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे.

या खटाटोपाचे एक मोठे केंद्र अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील केप कॉड येथे होते. जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम मॅक्लार्नी यांनी १९६९ साली ‘न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट’ ही संस्था काढली, आणि दोन-एक वर्षांनी हॅचव्हिल येथील सुमारे बारा एकरांचा एक जुना गोठ्याचा मळा भाड्याने घेऊन तेथे ठाण मांडले. मासा त्यांनी निवडला तो तिलापिया, ज्याला आपल्या उजनीच्या जलाशयावर चिलापी म्हणतात; शेवाळ व पाला खाऊन वाढणारा, दाटीवाटी सोसणारा आणि थंडीखेरीज कशालाही न डगमगणारा. थंडीवरचा त्यांचा उपाय मोठा मनोज्ञ आहे. फायबरग्लासचे, प्रकाश आरपार जाऊ देणारे, पुरुषभर उंचीला थोडे कमी असे गोल पिंप पाण्याने भरून त्यांनी काचघरात ओळीने मांडले. दिवसा सूर्यप्रकाशाने त्या पाण्यात हिरवे शेवाळ माजे व मासे पोसले जात, आणि दिवसभर साठलेली ऊब तेच पाणी रात्री काचघराला परत देई, म्हणजे एकच पिंप तळे, शेत आणि शेगडी अशी तिन्ही कामे करी. १९७६ साली या तत्त्वावर त्यांनी बांधलेल्या हरितगृहाला ‘आर्क’ म्हणजे नौका असे नाव दिले. त्याच वर्षी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर बांधलेल्या दुसऱ्या आर्कच्या उद्‌घाटनास पंतप्रधान पिअर ट्रूडो जातीने उपस्थित होते. १९७३ च्या तेलटंचाईचा धसका ताजा असल्यामुळे सरकारदरबारी अशा कामाला तेव्हा मान होता. तो धसका ओसरला तसा पैसाही आटला आणि १९९१ मध्ये संस्थेचे दप्तर बंद झाले. परंतु तोवर आपल्या प्रयोगांचे तपशील, मोजमापे आणि चुका त्यांनी आपल्या नियतकालिकातून छापून टाकल्या होत्या, आणि छापलेले ज्ञान संस्थेबरोबर बुडत नाही.

मधल्या काळात नॉर्थ कॅरोलिना येथील विद्यापीठात मार्क मॅक्मर्ट्री याने टाकीतले पाणी वाळूच्या वाफ्यांत सोडून टोमॅटो व काकड्या काढल्या होत्या, आणि व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रकोसी याने तरंगत्या तराफ्यांवर तुळशीच्या जातीची बेझिल आणि सॅलडची पाने पिकविण्याची पद्धत बसविली होती. हे विद्यापीठीय काम झाले. ते घरगुती माणसाच्या हाती पडले ते मिसूरी राज्यातील ओझार्क टेकड्यांत, वेस्ट प्लेन्स या लहान गावी, जेथे टॉम व पॉला स्परेनिओ या शेतकरी दांपत्याने १९९० नंतरच्या काही वर्षांत मॅक्मर्ट्रीची वाळू काढून तिच्या जागी खडी घातली. बदल दिसावयास क्षुल्लक; पण वाळू गाळाने तुंबते, खडी तुंबावयास वेळ लागतो, तिच्या फटींतून पाणी उतरताना मागोमाग हवा मुळांपर्यंत पोहोचते, आणि खडी कोणत्याही गावी मिळते. या दांपत्याने आपल्या रचनेची माहितीपुस्तिका तयार करून मागेल त्याला विकली, आणि आज जगभर परसांत जे खडीचे वाफे दिसतात त्यांतील पुष्कळांची वंशावळ त्या पुस्तिकेपाशी जाऊन पोहोचते.

आपले ज्ञान असे उघडपणे सांगून टाकणे, या एका गोष्टीच्या अभावी आपल्याकडील कारागिरीची मोठी हानी झाली आहे असे मला कळकळीने वाटते. मुशीत काय घातले, पाणी केव्हा दिले, हे पोटच्या मुलालाच सांगावयाचे, शिष्यालाही नाही, अशी घराण्यांची रीत. मुलगा नसला की हुन्नर त्या पिढीबरोबर संपला. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून द्राक्षबागाईतदारांना आपापल्या बागेतील निरीक्षणे एकमेकांस सांगावयास लाविले, ते या जुन्या रिवाजाच्या नेमके उलट होते, आणि महाराष्ट्रातील द्राक्षाच्या उत्कर्षात त्या मोकळेपणाचा भाग आहे.

त्याच ओझार्कच्या मुलुखात, वेस्ट प्लेन्सपासून सुमारे शंभर मैलांवरील स्प्रिंगफील्ड गावी, डेव्हिड गिंगरी नावाच्या माणसाने यंत्रांच्या बाबतीत हेच केले. १९८० पासून त्याने भंगारातून स्वतःची धातूकामाची कार्यशाळा उभारण्यावर सात लहान पुस्तके लिहिली. पहिल्यात कोळशाची भट्टी: पत्र्याच्या बादलीला आतून अग्निरोधक मातीचा लेप, खालून वाऱ्याची नळी, मध्ये मूस, आणि मुशीत भंगारातले ॲल्युमिनियम. लाकडाचा फर्मा घडवावयाचा, त्याच्या कडांना किंचित उतार ठेवावयाचा, म्हणजे ओल्या वाळूतून तो उचलताना साचा ढासळत नाही. वाळू मुठीत दाबून मोडली असता कड स्वच्छ तुटावी, इतकीच ओल हवी, कारण जास्त पाण्यावर तापलेला रस पडला तर वाफेच्या स्फोटाने जिवावर बेतते. दुसऱ्या पुस्तकात लेथ. ओतीव सांगाड्यावर पोलादी पट्टी बसवून ती हाताने खरवडून सपाट करावयाची: सपाट पृष्ठभागावर निळा रंग लावून पट्टी त्यावर टेकवावयाची, जेथे रंग लागेल तो उंचवटा समजावा, तेवढाच खरवडावा, पुन्हा टेकवावे, पुन्हा खरवडावे, असे कित्येक तास. त्यानंतरचा भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो: हेडस्टॉकमध्ये, म्हणजे फिरता दांडा धरणाऱ्या भागात, त्या दांड्यासाठी लागणारे अचूक भोक पाडावयास दुसरे यंत्र आणावयाचे नाही, तर त्या अर्धवट लेथवरच कातणीचा दांडा फिरवून, त्याचीच सरकती बैठक पुढे ढकलून, ते कोरून घ्यावयाचे, म्हणजे यंत्र स्वतःच्या जन्मात स्वतः हातभार लावते. सात इंच व्यासाचा जिन्नस फिरवील एवढ्या या लहान लेथवर पुढे शेपर, मग मिलिंग यंत्र, मग ड्रिल, अशी एकेक भावंडे तयार होतात.

इलिनॉय राज्यातील लिंडसे या छोट्या प्रकाशनाने आपल्या सूचिपत्रातून ही पुस्तके पोस्टाने दूरदूर पोहोचविली. गिंगरी २००४ साली वारला. लिंडसेने पुढे आपला व्यवसाय आवरता घेतला. ती सातही पुस्तके मात्र आजही विकत मिळतात, आणि ती छापण्याचे काम गिंगरीचा मुलगा व्हिन्सेंट याने पुढे चालू ठेवले.