गाळलेलीं कडवीं

नाताळचे दिवस आले म्हणजे ख्रिस्ती घरांतून आणि देवळांतून जीं गीतें ऐकूं येतात, त्यांच्या चाली आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेल्या असतील. मी शाळेंत शिक्षक असतांना दर डिसेंबरांत हीं गीतें मुलांकडून बसवून घेण्याचें काम माझ्याकडे असे. कार्यक्रम तासाभराचा, गीतें पुष्कळ, आणि मुलांची पाठ करण्याची शक्ति बेताची. तेव्हां प्रत्येक गीताचीं दोन-तीन कडवीं ठेवावयाचीं आणि बाकीचीं गाळावयाचीं, असा माझा शिरस्ता होता. गाळावयाच्या कडव्यांवर मी वहींत पेन्सिलीनें एक रेघ ओढीत असें.

सेवानिवृत्त झाल्यावर एका नाताळांत ती जुनी वही माझ्या हातीं आली. त्याच वर्षीं पावसाळ्यांत माझी पत्नी वारली होती. घर रिकामें होतें, आणि ‘शांति’ व ‘आनंद’ हे दोन शब्द मला त्या दिवसांत परक्या भाषेंतले वाटत. वहीचीं पानें चाळतांना माझी नजर रेघांखालच्या ओळींवर गेली आणि मी चपापलों. मला त्या वेळीं जें ऐकावयाचें होतें, तें सारें मीं स्वतःच्या हातानें रेघ मारून काढून टाकलें होतें! हीं कडवीं कोणीं लिहिलीं, कोणत्या परिस्थितींत लिहिलीं, याचा मग मीं शोध घेतला. त्यांतील चार गीतांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

‘कॅरल’ हा शब्द मूळचा फेर धरून गावयाच्या गाण्याचा. हीं गाणीं पंडितांचीं नव्हत, अंगणांतलीं आणि रस्त्यांतलीं आहेत. त्यांत नाच-तमाशा मिसळतो म्हणून धर्मनिष्ठ माणसांचा त्यांवर वेळोवेळीं रोषही झाला. इंग्लंडांत प्युरिटन पंथाचें वर्चस्व असतांना १६४७ सालीं पार्लमेंटनें नाताळचा सणच रद्द केला, आणि १६६० सालीं राजसत्ता पुन्हा आली तेव्हां कोठें तो उजळ माथ्यानें साजरा होऊं लागला.

या कडक वळणाच्या लोकांच्या परंपरेंतच १६७४ सालीं साउदॅम्प्टन येथें आयझॅक वॉट्स जन्मला. राजमान्य चर्चची शिस्त न मानल्याबद्दल त्याच्या बापानें तुरुंगवास भोगला होता, आणि त्याच कारणानें ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांचीं दारें मुलाला बंद होतीं. वॉट्स प्रकृतीनें अगदींच अशक्त. १७१२ सालीं मोठ्या दुखण्यांतून उठल्यावर सर टॉमस अ‍ॅबनी या गृहस्थांनीं त्याला हवापालटासाठीं आपल्या घरीं नेलें. आठवड्याभरासाठीं म्हणून गेलेला हा पाहुणा १७४८ सालीं मरेपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षें, त्या कुटुंबांतच राहिला. दुखण्यामुळें उपदेश करणेंही त्याला वारंवार बंद ठेवावें लागे.

अशा या रोगी माणसानें १७१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत ‘जॉय टु द वर्ल्ड’ हें गीत आहे. आज तें नाताळचें आनंदगीत म्हणून सर्वत्र गातात. परंतु त्यांत ना गोठा आहे, ना मेंढपाळ, ना तारा. मूळ आधार आहे तो अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्राचा. परमेश्वर राज्य करावयास येत आहे, म्हणून समुद्रानें, नद्यांनीं आणि डोंगरांनीं हर्ष करावा, हा त्या स्तोत्राचा आशय. पुढें एकोणिसाव्या शतकांत लोवेल मेसन या अमेरिकन संगीतकारानें त्याला आजची चाल दिली आणि तें नाताळशीं कायमचें जोडलें गेलें.

यांतलें तिसरें कडवें पुष्कळ ठिकाणीं गाळतात. मींही गाळीत असें. त्या कडव्यांतील कल्पना मूळ स्तोत्रांत नाहीं. वॉट्सनें ती उत्पत्तीच्या पुस्तकांतून आणली. आदामाच्या पापामुळें भूमीला शाप लागला आणि तिच्यांत कांटे उगवूं लागले, अशी ती कथा. वॉट्स म्हणतो कीं, तो शाप जेथवर पसरला असेल तेथवर कृपेचा ओघही जाऊन पोहोंचेल. जन्मभर दुखणें सोसलेल्या माणसाच्या आनंदांत कांट्यांना जागा असावी हें साहजिक आहे. आम्हीं मात्र कांटे वेंचून काढले आणि नुसता आनंद मुलांच्या तोंडीं घातला.

दुसरें गीत साऱ्या जगाला ठाऊक आहे. जर्मन भाषेंत त्याचें नांव ‘श्टिले नाख्ट’, म्हणजे ‘शांत रात्र’. त्याचा कर्ता योझेफ मोर हा १७९२ सालीं साल्झबुर्ग शहरांत जन्मला. आई विणकाम करून पोट भरणारी, आणि बाप सैन्यांतून पळून गेलेला शिपाई. दोघांचें लग्न झालेलें नव्हतें. अशा मुलाचा धर्मपिता होण्यास कोण पुढें येणार? नांवाला धर्मपिता झाला तो शहरांत फांशी देण्याचें काम करणारा माणूस. पुढें चर्चमधील एका संगीतज्ञ धर्मगुरूनें मुलाचा गळा आणि बुद्धि ओळखून त्याच्या शिक्षणाची सोय केली. परंतु अनौरस म्हणून धर्मदीक्षा घेण्यास त्याला खास परवानगी मिळवावी लागली.

१८१६ सालीं मोर मारियाफार नांवाच्या डोंगराळ गांवीं सहायक धर्मगुरु होता. तें वर्ष यूरोपच्या इतिहासांत ‘उन्हाळा नसलेलें वर्ष’ म्हणून नमूद आहे. आदल्या वर्षीं एप्रिलांत सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट होऊन आकाशांत धूळ चढली, थंडी हटेना आणि पिकें बुडालीं. त्यापूर्वींचीं वीस-पंचवीस वर्षें तर नेपोलियनच्या आणि त्याआधींच्या लढायांत गेलीं होतीं. साल्झबुर्गचा मुलूख या राजाकडून त्या राजाकडे जात जात १८१६ सालींच ऑस्ट्रियाच्या पदरीं पडला. उपासमार, परकी फौज आणि बदलतें राज्य यांनीं गांजलेल्या त्या प्रदेशांत, मोरनें सहा कडव्यांची ही कविता लिहिली.

पुढच्या वर्षीं त्याची बदली साल्झाख नदीकांठच्या ओबेर्नडोर्फ गांवीं झाली. या गांवाचें पोट मिठाच्या नौकांवर चाले. लढायांनंतरच्या वांटणींत नदी हीच सरहद्द ठरली, आणि एक किनारा ऑस्ट्रियाचा व दुसरा बव्हेरियाचा झाला. एका वस्तीचीं दोन राज्यें झालीं. शेजारच्या आर्न्सडोर्फ खेड्यांत फ्रान्झ ग्रूबर हा एका विणकराचा मुलगा शाळामास्तर होता आणि ओबेर्नडोर्फच्या देवळांत तो ऑर्गन वाजवीत असे. २४ डिसेंबर १८१८ रोजीं मोरनें आपली कविता ग्रूबरच्या हातीं दिली, आणि दोन आवाज, साथीला गायकवृंद व गिटार यांना जुळेल अशी चाल लावण्यास सांगितलें. मास्तरानें त्याच दिवशीं चाल बांधली आणि त्याच रात्रीं सेंट निकोलसच्या देवळांत दोघांनीं तें गीत गाइलें. मोर गिटार वाजवीत होता.

या प्रसंगाभोंवतीं एक गोष्ट रचली गेली आहे. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला, ऐन सणाच्या दिवशीं वाद्य मुकें झालें, म्हणून घाईनें हें गीत तयार करावें लागलें, अशी ती गोष्ट. मीं स्वतः कित्येक वर्षें ती वर्गांत रंगवून सांगितली आहे. पण ग्रूबरनें ३० डिसेंबर १८५४ रोजीं या गीताच्या जन्माची हकीकत स्वहस्तें लिहून ठेवली, तींत उंदीर नाहींत आणि बिघडलेला ऑर्गनही नाहीं. ती हकीकत लिहिण्याचें कारणही ऐकण्यासारखें आहे. तोंवर गीत इतकें पसरलें होतें कीं, बर्लिनच्या राजदरबारच्या संगीतमंडळानें त्याचा मूळ कर्ता कोण अशी चौकशी आरंभली. मायकेल हायडन या थोर संगीतकाराची ती कृति असावी, असा तेथें तर्क होता. खेड्यांतल्या मास्तराचें नांव कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें.

गीत पसरलें तें कसें? ऑर्गन बांधणारा कार्ल माउराखर त्याची प्रत घेऊन आपल्या झिलर खोऱ्यांत गेला. तेथलीं श्ट्रासर आणि राइनर हीं गाणारीं कुटुंबें गांवोगांव फिरत. त्यांनीं तें जर्मन शहरांत नेलें, आणि १८३९ सालीं राइनर मंडळींनीं तें न्यूयॉर्कमध्यें गाइलें. मोर मात्र एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बदलत बदलत शेवटीं वाग्राइनला पोहोंचला. तेथें त्यानें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा उभारली आणि ४ डिसेंबर १८४८ रोजीं तो कफल्लक स्थितींत वारला. त्याचें चित्रही कोणीं काढलेलें नव्हतें. पुढें शिल्पकाराला त्याचा चेहरा घडविण्यासाठीं थडग्यांतून कवटी काढावी लागली. कवितेचें साल देखील लोक १८१८ असेंच समजत. १९९५ सालीं मोरच्या हातची एक प्रत उजेडांत आली, तेव्हां तें १८१६ असल्याचें निश्चित झालें.

हें साल महत्त्वाचें आहे, कारण त्यावांचून चौथ्या कडव्याचा अर्थ कळत नाहीं. सामान्यतः या गीताचीं तीनच कडवीं गातात. चौथ्यांत मोर म्हणतो कीं, या रात्रीं पित्याच्या प्रेमाचें सारें सामर्थ्य ओतलें गेलें, आणि येशूनें जगांतील सर्व राष्ट्रांना भाऊ या नात्यानें कवटाळलें. ज्याच्या मुलुखांतून फौजांमागून फौजा गेल्या, त्याच्या लेखणींतून ‘राष्ट्रें’ हा शब्द सहज उतरलेला नाहीं. गोठ्यांतलें झोपलेलें बाळ आम्हीं ठेवलें. राष्ट्रांना कवटाळणारा भाऊ आम्हीं गाळला.

तिसऱ्या गीताची हकीकत थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील वेलँड गांवचे पाद्री एडमंड सीअर्स यांनीं १८४९ सालीं मध्यरात्रीं झालेल्या देवदूतांच्या गायनावर एक गीत लिहिलें. अमेरिकेचें मेक्सिकोशीं झालेलें युद्ध नुकतेंच, १८४८ सालीं, संपलें होतें आणि यूरोपांत क्रांत्यांचा वणवा पेटला होता. देवदूतांनीं पृथ्वीवर शांतीची घोषणा केली त्याला दोन हजार वर्षें होत आलीं; गाणें अजून चालूच आहे, पण लढणाऱ्या माणसांना स्वतःच्या गोंगाटांत तें ऐकूं येत नाहीं, अशी त्यांची खंत. ज्या कडव्यांत ही खंत आहे, तेंच बहुधा वगळलें जातें.

चौथें गीत कवि लाँगफेलो यांचें. १८६१ सालच्या ९ जुलैला त्यांच्या पत्नी फॅनी यांच्या वस्त्रानें घरांतच पेट घेतला. विझवूं गेलेले लाँगफेलो स्वतः इतके भाजले कीं, दुसऱ्या दिवशीं ती वारली असतां तिच्या अंत्यविधीलाही त्यांना जातां आलें नाहीं. चेहऱ्यावरील व्रणांमुळें पुढें त्यांनीं दाढी वाढविली. चित्रांत दिसणारी ती भव्य शुभ्र दाढी हीच. अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें होतें. १८६३ सालच्या मार्चमध्यें थोरला मुलगा चार्ल्स वडिलांस न विचारतां सैन्यांत दाखल झाला, आणि २७ नोव्हेंबरला व्हर्जिनियांत त्याच्या खांद्यांतून शिरलेली गोळी पाठीच्या कण्याजवळून गेली. बाप वॉशिंग्टनला धांवला आणि जखमी मुलाला घेऊन घरीं आला.

त्या नाताळांत त्यांनीं ‘ख्रिसमस बेल्स’ ही कविता लिहिली. कवि घंटा ऐकतो. मग दक्षिणेकडील तोफांचा गडगडाट त्या घंटांना बुडवून टाकतो. पृथ्वीवर शांति नाहींच, द्वेषच बलवान आहे, असें म्हणून तो मान खालीं घालतो. आणि मग घंटा पूर्वींपेक्षां अधिक खोल, अधिक मोठ्यानें वाजूं लागतात. पुढें या कवितेचें गीत झालें, तेव्हां तोफांचीं कडवीं बहुतेक संग्रहांतून निघून गेलीं. पण तोफा काढल्या तर कवीनें मान खालीं कां घातली हें गाणाऱ्यास कसें कळावें? आणि ती खालीं गेली नसती, तर ती वर उचलण्यास अर्थ तरी काय उरला असता?

यावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागली. नाताळची शांति सुखी माणसांनीं सुखांत बसून वर्णिलेली नाहीं. ती अनौरस मुलानें, अंथरुणाला खिळलेल्या उपदेशकानें, जळलेल्या हातांच्या विधुरानें मागितलेली आहे. दुःख संपल्यावर मिळणारी ती शांति नव्हे. दुःख चालू असतांना त्याच्या शेजारीं येऊन बसणारी ती आहे. बेथलेहेमचें बाळ तरी कोठें जन्मलें? परक्या सत्तेच्या शिरगणतीसाठीं फरफटत आलेल्या आईबापांच्या पोटीं, उतारशाळेंत जागा नसतांना!

१९१४ सालच्या डिसेंबरांत पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं महायुद्धांत नाताळपुरता तह व्हावा अशी विनंति केली. राज्यकर्त्यांनीं ती मानली नाहीं. पण बेल्जम व फ्रान्सच्या सरहद्दीवर कांहीं ठिकाणीं जर्मन शिपायांनीं खंदकांच्या कांठावर झाडें लावून त्यांवर मेणबत्त्या पेटविल्या आणि ‘श्टिले नाख्ट’ गाण्यास सुरुवात केली. समोरच्या खंदकांतून इंग्रजांनीं आपल्या गीतांनीं उत्तर दिलें. सकाळीं दोन्हीकडचे लोक मधल्या जागेंत आले, त्यांनीं आपले मृत पुरले, तंबाखू आणि बटणें बदलून घेतलीं. पुन्हा असें घडूं नये म्हणून सेनाधिकाऱ्यांनीं सक्त हुकूम सोडले, आणि युद्ध १९१८ पर्यंत चाललेंच. गीतानें युद्ध थांबविलें, असें म्हणणें खोटें होईल. पण मोरनें लिहिलेलें आणि जगानें गाळलेलें तें चौथें कडवें, त्या एका सकाळीं, न गातांच प्रत्यक्षांत उतरलें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ताची दीक्षा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन हीं आपल्या मातींतलीं साधनें ख्रिस्ती उपासनेंत आणलीं. मोरनें देवळांत गिटार नेली, लॅटिन बाजूस ठेवून लोकांच्या बोलींत गीत लिहिलें. टिळकांनीं भजनाचा मार्ग धरला. देवाशीं बोलावयाचें तर ज्या सुरांत आपण रडतों त्याच सुरांत बोलावें, हें त्या दोघांनाही उमगलें होतें.

श्रोतेहो, त्या नाताळच्या रात्रीं मीं खोडरबर घेतलें आणि वहींतल्या रेघा एकेक करून पुसल्या. कांहीं इतक्या जुन्या होत्या कीं, खूण राहिलीच. मग मीं एकट्यानें, बेसूर आवाजांत, सारीं कडवीं क्रमानें म्हटलीं. पत्नी असती तर हंसली असती, कारण माझा गळा तिला ठाऊक होता. तें हंसूं मला त्या रात्रीं अनेक महिन्यांनीं प्रथमच स्पष्ट आठवलें, आणि डोळे भरून आले तरी मन निवांत होतें. आपल्या घरीं कोणी मुलें हीं गीतें शिकत असतील, तर त्यांच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंति आहे: वेळ कमी पडला तर एखादें गीत कमी करा; पण जें गीत घ्याल, तें पुरतें गाऊं द्या.