मामंजींच्या फियाटची कागदं



दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. सासूबाई गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. वर जुनी धोतरं, खाली दुकानाच्या वह्या आणि सगळ्यांत तळाशी सुतळीने बांधलेलं एक खाकी पाकीट. त्यावर सासूबाईंच्या वळणदार अक्षरात एवढंच लिहिलेलं होतं : "मोटारीची कागदं. फेकू नये."

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमचे चिरंजीव संभाजीनगरहून आले होते, ते नवीन गाडीचा विचार घेऊन. सात वर्षांचं कर्ज, हप्ता कमी, "आई, कळणारसुद्धा नाही!" मी काही बोलले नाही. रात्री भांडी आवरल्यावर ते पाकीट घेऊन बसले. त्यातून जो इतिहास निघाला तो आज तुम्हाला सांगते.

आधी आमच्या बीडचं सांगते. बाहेरच्या मैत्रिणींना वाटतं, लहान गावात त्या काळी मोटार म्हणजे निव्वळ हौस. पण आमच्या गावाला रेल्वे नव्हती. जिल्ह्यात परळीला गाडी येई, बीडला नाही. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानेच 1932 साली 27 बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली होती, देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांपैकी ती एक. पुढे 1948 साली हैदराबाद मुक्त झालं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि आमच्याकडे लाल एसटी आली. रेल्वेची वाट मात्र गावाने 17 सप्टेंबर 2025 पर्यंत पाहिली. तोवर आजारी माणूस सोलापूरला न्यायचा असो की दुकानाचा माल आणायचा असो, एसटी नाहीतर कुणाची तरी मोटार, एवढंच हातात होतं.

आता मोटार यायची कुठून, तेही ऐका. आपल्या समाजातल्या बायकांना वालचंद हिराचंद हे नाव माहीत असतं, पण बहुधा साखर कारखान्यापुरतं. सोलापूरच्या दिगंबर जैन घरात 1882 साली जन्मलेला हा माणूस. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी पहिली ठेकेदारी केली ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामाची, म्हणजे आमच्या शेजारीच. पुढे 1919 साली सिंदिया कंपनीची जहाजं, 1940 साली बंगळूरला विमानाचा कारखाना आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, त्यामुळे आधी डॉज ट्रक आणि प्लिमथसारख्या मोठ्या गाड्या निघाल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला.

त्या वेळी देशात फोर्ड आणि जनरल मोटर्ससुद्धा गाड्या जोडून विकत होत्या. 1953 साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की बाहेरून सुटे भाग आणून नुसते जोडायचे नाहीत, भाग इथेच बनवायचे. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी वालचंदशेठ गेले. पुढच्या वर्षी, 1954 ला, त्यांच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली. तिचंच पुढचं रूप 1974 च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झालं.

म्हणजे आपल्या बापजाद्यांना निवड काय होती? फियाट, अँबेसेडर नाहीतर मद्रासची स्टँडर्ड. 1959 च्या सरकारी आदेशाने विक्रीवरही नियंत्रण आलं. नाव नोंदवायचं, अनामत ठेवायची आणि वर्षानुवर्षं नंबरची वाट पाहायची. 1969 साली सरकारने किंमतही ठरवून दिली आणि ते भांडण 1971 ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कागदावर किंमत कमी पण गाडी मिळत नाही, अशी गत. त्यामुळे वापरलेल्या गाडीला नव्याच्या जवळपास भाव असे. चार वर्षं चालवून गाडी विकली तरी माणूस तोट्यात जात नसे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतात.

मामंजींनी 1974 साली सोलापूरच्या एका डॉक्टरांची सात वर्षं वापरलेली फियाट घेतली. कापडाचं दुकान, घरात अकरा माणसं आणि आजेसासूबाईंचा दमा. एका पावसाळ्यात त्यांना दम लागला तेव्हा एसटी निघून गेलेली होती, ट्रकच्या केबिनमध्ये बसवून त्यांना न्यावं लागलं. त्या रात्रीनंतर मामंजींनी मोटार घ्यायचं ठरवलं, असं सासूबाई सांगायच्या.

किंमत 18,000 रुपये. त्यातले 8,000 रोख. पाकिटात सराफाची पावती निघाली. सासूबाईंच्या माहेरच्या चार पाटल्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या हातात काचेच्याच बांगड्या पाहिल्या होत्या. मला वाटायचं व्रत असेल. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

उरलेले 10,000 एका फायनान्सवाल्याकडून. तेव्हा बँका मोटारीसाठी साध्या माणसाला कर्ज देत नसत, हायर पर्चेस चाले. म्हणजे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कायद्याने फायनान्सवाल्याची, तुम्ही ती भाड्याने चालवताय असं समजायचं. गिऱ्हाइकाला संरक्षण म्हणून 1972 साली हायर पर्चेसचा कायदा संसदेत मंजूर झाला, पण तो प्रत्यक्षात कधी लागूच झाला नाही आणि 2005 साली रद्द करून टाकला. आमच्या मामंजींसारख्या लोकांच्या बाजूने जे होतं ते फक्त कागदावर.

व्याज 12 टक्के, तीन वर्षं. ऐकायला बरं वाटतं. पण ते "फ्लॅट" व्याज. 10,000 वर तीन वर्षांचे 3,600, एकूण 13,600, भागिले 36, म्हणजे महिन्याला 378 रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच. शेवटच्या महिन्यात जेमतेम 278 रुपये देणं होतं, त्यावरही 100 रुपये व्याज! बँकेसारखं घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर वर्षाला सुमारे 21 टक्के पडतो. मामंजी दुकानात पैशापैशाचा हिशोब ठेवत, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सासूबाईंच्या वहीत मात्र एका पानावर पेन्सिलीने आकडेमोड आहे आणि खाली एकच शब्द : "जास्त."

गाडी कशी होती? गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. हिवाळ्यात चोक ओढून हँडल मारावं लागे. दर काही महिन्यांनी पॉइंट घासायचे, कार्बोरेटर साफ करायचा. मेकॅनिक सायकल दुकानातून शिकून वर आलेला, पण कानाने इंजिन ओळखायचा. इंजिनपेक्षा सुट्या भागांचीच काळजी जास्त, एका बुशासाठी पुण्याला चिठ्ठी पाठवून महिनाभर वाट पाहायची.

उन्हाळ्यातली एक गोष्ट मी स्वतः पाहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही कुंथलगिरीला दर्शनाला निघालो. मे महिना, मांजरसुंब्याचा घाट, आणि गाडी मधेच बंद. पेट्रोल आहे, पाणी आहे, तरी चालू होईना. मामंजी शांतपणे उतरले, माझ्याकडून पाण्याची बाटली आणि सासूबाईंकडून जुनं फडकं मागून घेतलं आणि ओलं फडकं पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनातल्या छोट्या पंपावर, गुंडाळलं. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत राहतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. थंड झालं की वाफ पुन्हा पातळ होते. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. परतताना पुन्हा तेच झालं आणि सूर्य मावळला. डबा भरलेला होता, पण कुणी उघडला नाही. आम्ही सगळे पाण्यावाचून घरी आलो आणि मामंजी म्हणाले, "गाडीने आज उपवास घडवला."

तोवर जग बदललं होतं. 1983 साली मारुती आली. 10,000 रुपये भरून लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली, म्हणजे रांग तिथेही होतीच. 1993 साली मोटारींचं लायसन्स राज संपलं, नवनव्या कंपन्या आल्या आणि रांग उलटी फिरली. आधी गिऱ्हाईक गाडीची वाट पाही, आता गाडी गिऱ्हाइकाची. बँका घरी येऊन कर्ज देऊ लागल्या.

1996 साली मामंजींनी फियाट विकायला काढली. गिऱ्हाईक ठरलं, चार लोकांसमोर इसार झाला. गिऱ्हाइकाने आरसी बुक उघडून पाहिलं आणि दुकानातच मोठ्याने म्हणाला, "शेठ, ही गाडी तुमची नाहीच की! हिच्यावर अजून फायनान्सचं नाव आहे."

मैत्रिणींनो, शेवटचा हप्ता भरून एकोणीस वर्षं झाली होती. पण फायनान्सवाल्याने नाव काढून दिलं नव्हतं आणि मामंजींना ते काढावं लागतं हेच माहीत नव्हतं. पैसे फिटले म्हणजे फिटले, अशी त्यांची समजूत. आयुष्यात कुणाचा रुपया न बुडवलेला माणूस भर बाजारात खाली मान घालून उभा राहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फायनान्सचं दुकान केव्हाच बंद पडलेलं. आरटीओत विचारलं तर फॉर्म 35 हवा, त्यावर कर्ज देणाऱ्याची सही हवी. तेव्हा सासूबाईंनी हे पाकीट काढलं. छत्तीसच्या छत्तीस पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. ह्यांनी त्या घेऊन दोनदा सोलापूर गाठलं आणि जुन्या भागीदारांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पत्ता काढला. त्यांनी पावत्या पाहिल्या, काही न बोलता सही केली. सगळ्याला आठ महिने लागले. पहिलं गिऱ्हाईक गेलं, गाडी निम्म्या भावात गेली. पण मामंजी म्हणाले, "भावाचं जाऊ द्या. नाव निघालं."

हे सगळं मी चिरंजीवांसमोर ठेवलं. मग कागद घेऊन आम्ही त्याचा हिशोब केला. 8 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के. सात वर्षांत हप्ता सुमारे 13,075, पण व्याज जवळपास 3 लाख. चार वर्षांत हप्ता 20,100, व्याज 1 लाख 65 हजार. आणि सात वर्षांच्या कर्जात चार वर्षं हप्ते भरल्यावरही 4 लाख 8 हजार देणं उरतं, तोवर गाडीचा भाव किती उतरला असेल ते बाजारच सांगेल. मामंजींच्या काळात वापरलेली गाडी भाव धरून होती, म्हणून महाग व्याजही पचलं. आज तसं नाही.

तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, आजीच्या पाटल्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, मलाही नाही.

शेवटी त्याने लहान गाडी, 5 लाखांचं कर्ज आणि चार वर्षं असं ठरवलं. तुमच्या घरीही कुणी गाडी घेत असेल तर दोन प्रश्न आवर्जून विचारा : व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर? आणि कर्ज फिटलं की बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचं नाव कोण काढून आणणार? विम्याच्या कागदावरचंही काढायचं असतं, ते विसरू नका.

पाकीट मी पुन्हा सुतळीने बांधलं. पेटीत ठेवणार होते, पण चिरंजीवांनी मागून घेतलं. नव्या गाडीची कागदंही त्यातच ठेवीन म्हणतो.