वनइंधन व्यवस्थापन : कर्जत व खालापूर

वनइंधन व्यवस्थापन : जंगलातील वाळके गवत, पालापाचोळा, काटक्या व मेलेली झुडपे यांचे प्रमाण आणि सलगता कमी करून वणव्याची तीव्रता व फैलाव आटोक्यात ठेवण्याची पद्धत. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत वर्षाला ३,००० मिमी.च्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. याच पावसावर गवत दाट वाढते आणि दिवाळीनंतर वाळू लागते. पुढे साग व इतर पानझडी वृक्षांचा पाचोळा त्यात भर घालतो. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरणाऱ्या कारवीचे वाळलेले दांडेही उतारांवर उभे राहतात. माथेरान, कोथळीगड, इर्शाळगड यांच्या उतारांवर आग खालून वर वेगाने चढते, कारण ज्वाळा वरच्या इंधनाला आधीच तापवून सुकवतात. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते.

पश्चिम अमेरिकेतील कोरड्या पाइन वनांत आग शेंड्यांपर्यंत पोचू नये म्हणून दाटी विरळ करतात आणि उरलेला काटक्या-पाल्याचा थर नियंत्रित आगीने जाळतात. तोडलेला पाला तसाच राहिला, तर विरळणीचा बराच फायदा वाया जातो. कर्जत-खालापुरातला प्रश्न वेगळा आहे. येथील वणवा मुख्यतः जमिनीलगतचा असतो. मोठी झाडे बहुधा तगतात. होरपळतात ती रोपे, धुमारे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी. शिवाय गवत-पाचोळ्याचे इंधन दर पावसाळ्यानंतर पुन्हा तयार होते. त्यामुळे येथे झाडे तोडण्याने काही साधत नाही. दरवर्षी ठरावीक पट्ट्यांत इंधनाची सलगता तोडणे, हाच येथील योग्य उपाय ठरतो. त्यासाठी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे हे मोकळे पट्टे, हंगामापूर्वी, हवेत अजून गारवा असताना, गवत कापून व देखरेखीखाली जाळून साफ कराव्या लागतात. रस्ते, पायवाटा, वाड्या व शेतांच्या कडा येथे त्यांचा उपयोग सर्वाधिक, कारण येथील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात.

सगळाच पाचोळा का हटवू नये, असा आक्षेप येतो. पाचोळा पावसाचा मारा झेलतो, माती धरतो आणि पाणी मुरवतो. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिचा संबंध वणव्याशी जोडता येत नाही. मात्र अशा तीव्र उतारांवर जमीन उघडी करणे किती जोखमीचे आहे, हे विसरता येणार नाही. म्हणून सफाई पट्ट्यापुरतीच हवी. जाळल्याने गवत चांगले फुटते, हा दुसरा आक्षेप अनुभवावर आधारलेला आहे. हिरवा फुटवा लवकर येतो हे खरे. पण मार्च-एप्रिलमध्ये त्याच उतारावर वर्षानुवर्षे आग फिरली, तर रोपे मोठी होत नाहीत आणि जंगलाच्या जागी गवताळ माळ उरतो. चाऱ्यासाठी गवत कापून नेले, तर गरजही भागते आणि इंधनही कमी होते.

ठाकूर, कातकरी व इतर भातशेतकऱ्यांच्या राबाकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. छाटलेल्या फांद्या, पाला, गवत व शेण पसरून रोपवाटिकेची जागा भाजण्याची ही रीत. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील लोकांचे वनहक्क आणि राब हा वाद १८८५–८७ च्या मुंबई वन आयोगापुढे आला होता. राबात पाला-काटक्या गोळा करून शेतात, शेतकऱ्याच्या नजरेखाली जाळतात. धोका असतो तो ठिणगी बांध ओलांडण्याचा. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे, पण केवळ बंदीने ही गरज नाहीशी होत नाही. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात नांगरट, चिखलणी व लावणी टळते. भात थेट गादीवाफ्यावर टोकला जात असल्याने रोपवाटिका भाजण्याचे कारणच उरत नाही.

खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा आहे : हे काम दरवर्षी करावे लागते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना पाठवते, पण व्हीआयआरएस संवेदकाची विभेदनक्षमता ३७५ मी. आहे आणि सूचना आग लागल्यानंतरच येते. विझवण्याचा खर्च तर टळतच नाही. तेव्हा जाळरेषांची मजुरी वाड्यांनाच मिळावी आणि पट्ट्यांतील गवतावर त्यांचा हक्क असावा. इंधन कमी राहण्यात ज्यांचे हित आहे, त्यांच्या हाती हे काम दिल्यासच ते दरवर्षी वेळेत होईल.