टिश्यूचा साग आन् जडीचा साग

मृग जवळ आला की रोपं विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात, "भाऊ, टिश्यूचं सागवान लावता का?" लावण्याआधी थोडा इतिहास वाचा.

आपला यवतमाळ जिल्हा सागाचा. टिपेश्वरच्या जंगलात तो आपोआप उगवते. पण बी टाकून रोप करायला गेलं की दमवते, कारण फळाचं कवच लय टणक. 1840 च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी केरळात निलांबूरला सागाची लागवड काढली, तेव्हा सुरुवातीला बी उगवतच नव्हतं. चातू मेनन यांनी पुढं ती लागवड यशस्वी केली. नंतर बी भिजवणं-वाळवणं आणि रोपाचं खोड-मूळ छाटून जडी लावणं, ही पद्धत रुळली.

बियाच्या सागाची अडचण वेगळीच. परागीकरण किडे करतात, त्यामुळं माय माहीत असते, बाप नाही. एकाच झाडाचं बी, पण एक रोप सरळ तर दुसरं वाकडं.

उपाय पुण्यात निघाला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 1980 साली सागाच्या टिश्यू कल्चरची पद्धत प्रसिद्ध केली. कळी घ्यायची, बाटलीत खुराकावर वाढवायची, एकीची अनेक रोपं करायची. शंभर वर्षांच्या झाडाच्या कळ्याही त्यांनी वापरल्या. म्हणजे वारा-दुष्काळ पाहिलेलं, सरळ वाढलेलं झाड निवडा आणि त्याचीच नक्कल काढा. शोध मोठाच होता.

मग 1990 नंतर सागाच्या नावावर कंपन्यांनी लोकांचे पैसे गोळा केले. असल्या सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीनं 1999 साली नियम काढले. आमच्या गावात 'टिश्यू' हा शब्द त्याच हवेत आला.

तेव्हा मी एका धुऱ्यावर टिश्यूची 50 रोपं लावली. बाबांनी हट्टानं दुसऱ्या धुऱ्यावर जड्या लावल्या. पोरीच्या लग्नापर्यंत झाडं विकू, असा माझा हिशोब. माझी रोपं एकसारखी, पाहत राहावी अशी. पण पुढं बहुतेक सगळी सारख्याच उंचीवर फाटली. मायझाड कोणतं, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. बाबांच्या जड्यांत निम्म्या वाकड्या निघाल्या, पण दहा-बारा झाडं अशी सरळ की व्यापारी आधी तिथंच टेप लावते. पोरीचं लग्न उसनवारीवर झालं. साग अजून उभाच आहे.

दोष टिश्यूचा नाही. नक्कल असलपेक्षा चांगली कशी निघंल? असल कोणतं ते मीच विचारलं नाही. बियात नशीब थोडं थोडं वाटलं जाते, टिश्यूत सगळं एकाच झाडावर लागते.

म्हणून रोप घेताना मायझाड कुठलं, किती वयाचं, ते पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसंल तर जडी बरी. आणि लावल्यावर सातबाऱ्यावर नोंद करा, तोडीच्या परवानगीला कामी येते.

तुमच्या धुऱ्यावर काय अनुभव आहे? खाली लिहा.