माहेरपण आणि रजा : अर्थार्जन करणाऱ्या मराठी स्त्रीच्या विसाव्याचा इतिहास

१

अर्थार्जन करणाऱ्या स्त्रीने आपल्या कर्तृत्वाचा विकास साधीत असता प्रकृतीची काळजी कशी घ्यावी, हा प्रश्न अलीकडे बहुधा उपदेशाच्या रूपाने मांडला जातो. तिने वेळ नीट आखावा, पुरेशी झोप घ्यावी, दिवसातील थोडा काळ स्वतःसाठी राखून ठेवावा, असे तिला सांगण्यात येते. हा उपदेश अनाठायी आहे असे नव्हे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की, कर्तृत्व आणि प्रकृती यांचा मेळ घालणे हे सर्वस्वी त्या स्त्रीच्या शिस्तीवर अवलंबून आहे. ‘तारेवरची कसरत’ हा जो शब्दप्रयोग अशा स्त्रीविषयी नित्य केला जातो, त्यातही हेच गृहीत आहे. तोल सावरणे हे कसरत करणारीचे काम. तार कोणी व किती उंचीवर बांधली, याची चौकशी कोणी करीत नाही.

प्रस्तुत लेखात हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी दोन स्त्री-डॉक्टरांची चरित्रे आणि मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांविषयी झालेला एक कायदा, अशी तीन उदाहरणे घेतली आहेत. तत्पूर्वी विश्रांतीविषयीच्या काही मराठी शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. कारण समाजाने स्त्रीच्या विसाव्याची कोणती सोय मानली होती, याचा पुरावा प्रथम भाषेतच सापडतो.

२

‘विसावा’ हा शब्द संस्कृत ‘विश्राम’ या शब्दापासून आलेला आहे. श्रम झाल्यावर देह आपोआप जे मागतो ते त्यातून व्यक्त होते. ‘सुटी’ या शब्दाचा संबंध ‘सुटणे’ या क्रियापदाशी आहे. तीत आधी बांधले गेल्याची जाणीव आहे. ‘रजा’ हा शब्द मात्र अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘संमती’ असा आहे. विसावा आपण घेतो, रजा दुसऱ्याने द्यावी लागते. गिरणगावात रूढ असलेला ‘खाडा’ हा शब्द याच्याही पलीकडचा आहे. संमतीवाचून घेतलेल्या विसाव्याचे ते नाव असून पगारातील कपात त्याच्या पोटातच आहे.

स्त्रीच्या बाबतीत मराठीत आणखी एक शब्द होता, तो म्हणजे ‘माहेरपण’. ‘माहेर’ म्हणजे मातृगृह. तेथे जाण्याचा एक प्रसंग बाळंतपणाचा. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, सव्वा महिना बाळंतिणीने कामाला हात लावू नये, तिला शेक व पौष्टिक खाणे मिळावे, असा संकेत होता. परंतु ‘माहेरपण’ याहून व्यापक आहे. सणावाराला आलेल्या लेकीला उशिरापर्यंत निजू द्यावे, तिच्या आवडीचे चार घास करून घालावे, तिला काम सांगू नये, यासाठी तिने आजारी किंवा गर्भार असण्याची गरज नव्हती. ती लेक आहे, एवढे कारण पुरे होते. जात्यावरच्या ओव्यांत माहेराला जे स्थान आहे त्याचा उलगडाही यातून होतो.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जिचे आईबाप हयात नव्हते तिला माहेर नव्हते. दारिद्र्य असले तर ते नावापुरतेच असे. आणि विधवेच्या वाट्याला ते आले तरी त्यातील मान बहुधा आलेला नसे. शिवाय लेकीच्या विसाव्याचा भार त्या घरातील सुनेवर पडत असे. तरीही येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्त्रीचा विसावा ही तिची स्वतःची शिस्त नसून तो दुसऱ्या कोणीतरी पुरवावयाचा असतो, हे तत्त्व त्या समाजाला मान्य होते. स्त्री नोकरीत शिरली तेव्हा हे पुरवणे कोणाकडे गेले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

३

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. वयाच्या नवव्या वर्षी टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल थोड्याच दिवसांत दगावले. १८८३ साली त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. पण ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती.

ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र तिच्यातील एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. आनंदीबाईंची प्रकृती अमेरिकेत गेल्यावर प्रथमच ढासळली असे नाही. कलकत्त्यास असतानाच डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून येणारा ताप आणि धाप लागणे ही लक्षणे त्यांना जडली होती, आणि त्यांच्या अमेरिकन स्नेही श्रीमती कार्पेंटर यांनी तिकडून औषधेही पाठविली होती. म्हणजे प्रकृतीची कल्पना सर्वांनाच होती. पुढे थंड हवा, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचा ताण यांची त्यात भर पडली. कार्पेंटरबाईंची माया आणि महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांची आस्था त्यांना लाभली, हे खरे. परंतु अभ्यासक्रम काही काळ थांबवून प्रकृती सुधारावी, अशी कोणतीही तजवीज नव्हती. विलंब केला असता तर त्याचा अर्थ हिंदू स्त्रीला हे जमत नाही असाच लावला गेला असता, आणि आनंदीबाईंच्या महत्त्वाकांक्षेवर तर सगळ्या समाजाचे डोळे लागलेले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. तेव्हापासून आजतागायत आनंदीबाईंविषयी बोलताना आपल्या भाषेत ‘त्याग’, ‘बलिदान’, ‘चंदनासारखे झिजणे’ हे शब्द सहज येतात. गौरवाचे हे शब्द निर्दोष नाहीत. चंदन झिजल्यावाचून गंध देत नाही. म्हणजे झिजणे हीच कर्तृत्वाची अट ठरते. ज्या हानीचे कारण शोधावयास हवे होते, ती या शब्दांमुळे गुण म्हणून मांडली गेली.

४

याच काळातील दुसरे चरित्र डॉ. रखमाबाई यांचे. त्या आनंदीबाईंहून अवघ्या काही महिन्यांनी मोठ्या. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी झालेले लग्न मान्य करून नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. त्यावरून झालेला दादाजी भिकाजी यांचा दावा १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला आणि तडजोडीने मिटला. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून परतल्या आणि १८९५ पासून सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे सुमारे बावीस वर्षे काढल्यानंतर स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेतील पद त्यांना देऊ करण्यात आले; ते न स्वीकारता त्यांनी राजकोटच्या संस्थानी रुग्णालयातील काम पत्करले. सुमारे १९३० साली निवृत्त होईपर्यंत त्यांची रुग्णसेवा पस्तीस वर्षांच्या घरात गेली. १९५५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, मुंबईस त्यांचे निधन झाले.

दोघींच्या आयुष्यमानातील हा फरक केवळ निग्रहाच्या फरकाने सांगता येणार नाही. क्षयापुढे निग्रहाचे काय चालणार? परंतु परिस्थितीतील भेद उघड आहे. रखमाबाईंना सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरातील आधार मिळाला होता. त्या लंडनला गेल्या त्या चोविसाव्या वर्षी, बाळंतपणाचा आघात न सोसता. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांच्यासारख्या अनुभवी स्त्री-डॉक्टरचे प्रोत्साहन त्यांना होते. परतल्यावर नेमणूक, वेतन आणि ठरलेले कार्यक्षेत्र मिळाले. तथापि या जमेच्या बाजूला एक खर्चही मांडला पाहिजे. रखमाबाईंना संसार नव्हता. दिवसभर रुग्णालय आणि त्यानंतर स्वयंपाक, मुले, पाहुणे व आजारपणे ही जी दुहेरी पाळी पुढील पिढ्यांतील नोकरदार स्त्रीच्या वाट्याला आली, ती त्यांच्या वाट्याला आली नाही. कर्तृत्व आणि प्रकृती ही दोन्ही त्यांना राखता आली, ती संसार वजा करून.

५

या दोघी सुशिक्षित वर्गातील. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत त्यांची गर्दी असे आणि त्यांच्यावर नाईकिणीची देखरेख असे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या एप्रिल महिन्यात भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली होती. साप्ताहिक सुटीची मागणी त्याच वर्षी मान्य झाली. विसावा हा हक्क म्हणून मागता येतो, हे सुशिक्षित स्त्रीच्या आधी गिरणीतल्या बाईने जाहीरपणे सांगितले, ही गोष्ट आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात क्वचितच नमूद होते.

बाळंतपणाची स्थिती मात्र बिकट होती. घाटावरून किंवा कोकणातून आलेल्या बाईला माहेर दूर, आणि गावी जावे तर मजुरी बुडे. तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल होती. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या सुमारास गिरणीतील स्त्रियांची जी पाहणी केली तीत या गोष्टी पुढे आल्या. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले. त्याचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले की, प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे राहता येणार नाही. १९२९ च्या कायद्याने प्रसूतीच्या आधीची तीन व नंतरची चार अशा सात आठवड्यांसाठी दररोज आठ आण्यांची तरतूद झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व असे की, माहेराने जो भार उचलावयाचा तो प्रथमच मालकावर आला. ‘रजा’ या शब्दातील संमती आता मर्जीची राहिली नाही. अर्थात मालकवर्गाने याला दिलेले उत्तरही विसरता येत नाही. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले; यंत्रसुधारणा, स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी आणि या तरतुदींचा खर्च ही त्याची कारणे अभ्यासक देतात. विसाव्याचा खर्च केवळ स्त्री-कामगाराच्या नावावर मांडला गेला की तीच नकोशी होते, हा धडा त्यात आहे.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने ही रजा बारा आठवड्यांची झाली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. बिहार सरकारने १९९२ मध्ये आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना मासिक पाळीसाठी दरमहा दोन दिवसांची रजा दिली. मराठीत कारखान्यातील ‘पाळी’ आणि देहाची ‘पाळी’ यांना एकच शब्द आहे. पण या दोन पाळ्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा, हे नियमांत उतरावयास शतक लोटावे लागले.

६

वरील विवेचनावरून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट अशी की, कर्तृत्व आणि प्रकृती यांचा मेळ हा कोणत्याही काळी एकट्या स्त्रीच्या शिस्तीचा विषय नव्हता. माहेर, पाठीशी उभे राहणारे घर, वेतनाची नेमणूक, कायदा, यांपैकी काहीतरी तिच्या मागे असेल तेव्हा तो साधला. नसेल तेव्हा निश्चयी बुद्धीलाही तो साधला नाही. दुसरी गोष्ट अशी की, कायद्याने बाळंतपणाचे रूपांतर रजेत केले, पण माहेरपणाचे केले नाही. आजही नोकरदार स्त्रीला विसावा हवा असेल तर त्यासाठी कारण दाखवावे लागते, आणि ते कारण बहुधा दुसऱ्या कोणाचे असते, मुलाचे, सासूचे वा घरातील कार्याचे. केवळ श्रम झाले म्हणून विसावा, हे कारण अर्जावर लिहिण्याचा प्रघात नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून पुढील कामाची दिशा सुचते. स्त्रियांची आत्मचरित्रे, संस्थांचे अहवाल आणि ओव्यांचे संग्रह यांतील विश्रांती, आजारपण व दगदग यांविषयीचे शब्द काळजीपूर्वक एकत्र केले, तर आपल्या सामाजिक इतिहासाचे एक उपेक्षित प्रकरण लिहिता येईल. आणि ज्या स्त्रियांना आपण चंदनाची उपमा देत आलो, त्यांच्या चरित्रांत हे झिजणे टाळता येण्यासारखे होते काय, हा प्रश्नही त्यांच्या गौरवाइतक्याच आस्थेने विचारला गेला पाहिजे.