जीवनसत्त्व ड (पूरक मात्रा व विषाणुसंसर्ग)

मेदात विरघळणारे, संप्रेरकासारखे वागणारे जीवनसत्त्व. ऊन अंगावर पडले की अतिनील-ब किरणांमुळे ते त्वचेत तयार होते; यकृत व मूत्रपिंडात त्याला सक्रिय रूप येते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात पावसाळी ढग सोडल्यास दुपारचे ऊन वर्षभर पुरते. मात्र रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला ते क्वचितच लाभते, आणि कंपनीच्या बसच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत.

रोगप्रतिकारक पेशींत या जीवनसत्त्वाचे ग्राही असतात. कॅथेलिसिडिन हे जंतुरोधक पेप्टाइड त्यामुळे वाढते. करोनाकाळात या जीवनसत्त्वाकडून बाळगलेल्या मोठ्या आशा यावरच उभ्या होत्या. पण पुरावा तेवढा भक्कम नाही. २५ चाचण्यांच्या २०१७च्या एकत्रित विश्लेषणात श्वसनसंसर्गात माफक घट दिसली, तीही मुख्यतः तीव्र कमतरता असलेल्यांत, रोज किंवा दर आठवड्याला मात्रा घेतल्यास. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व नॉर्वेतील चाचण्यांत करोनापासून संरक्षण आढळले नाही.

प्रौढांसाठी रोजची शिफारस ६०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू). दुकानातली ६०,००० एककांची पुडी कमतरतेवरचा ठरावीक आठवड्यांचा उपचार आहे, सर्दीवरचा नव्हे. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.