पटपडगंज : आपल्या शेजारची लढाई

गावाकडून पाहुणे आले की दिल्लीतल्या मराठी घराचा कार्यक्रम ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम आणि एक दिवस पानिपत. काला आंबच्या स्मारकापाशी सगळे हात जोडतात, परतीच्या वाटेवर गाडीत फारसे कोणी बोलत नाही. बुराडी घाटाला जाणारे त्याहून कमी, कारण तिथे आता दाट वस्ती आहे. पण दत्ताजी शिंद्यांचे अखेरचे उत्तर शाळेपासून सर्वांना पाठ असते. या दोन नावांनी आपल्या मनात एक समजूत पक्की केली आहे, की १७६१ साली दिल्लीतला मराठ्यांचा अध्याय संपला.

तो संपला नाही. संपला तो बेचाळीस वर्षांनी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, आणि संपला तो आजच्या नोएडात. मेट्रोच्या ब्ल्यू लाइनवरचे ‘गोल्फ कोर्स’ स्टेशन आपल्याला ठाऊक आहे. त्या मैदानाच्या कुंपणालगतच्या रस्त्याने मी आणि आपल्या मंडळातले कितीतरी जण रोज ऑफिसला जातो. आत, सेक्टर ३८ च्या हिरवळीत, त्या लढाईचा स्तंभ उभा आहे.

मधल्या बेचाळीस वर्षांत काय घडले ते थोडक्यात सांगतो. पानिपतावरून एक पाय कायमचा अधू होऊन परतलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी पुन्हा दिल्लीत आले. १७७१ मध्ये मराठ्यांनी शहर घेतले आणि १७७२ च्या जानेवारीत अलाहाबादेहून आलेल्या शाह आलम बादशहाला गादीवर बसवले. १७८४ मध्ये बादशाही कारभाराची वकील-इ-मुतलकी महादजींच्या हाती आली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा किल्ला सोडवून त्याला पुन्हा गादीवर बसवले ते महादजींच्याच फौजेने. म्हणजे ज्या लाल किल्ल्यात पाहुण्यांना आपण मोगलांच्या गोष्टी सांगतो, तिथला शेवटच्या काळातला खरा कारभार शिंद्यांचा होता. दिवाण-इ-खासमध्ये गेलात तर जरा वर बघा. छताचा चांदीचा पत्रा भाऊसाहेबांनी १७६० मध्ये फौजेच्या खर्चासाठी उतरवला. ही गोष्ट अभिमानाने सांगावी की संकोचाने, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

महादजींनी उत्तरेत जमवलेली फौज जुन्या धाटणीची नव्हती. डी बॉईन या सॅव्हॉयच्या सरदाराने तिला युरोपीय कवायत शिकवली. या पलटणींच्या ब्रिगेडला आपल्याकडे ‘कंपू’ म्हणत. आज ऑफिसातल्या टोळक्याला आपण हसत हसत जो शब्द लावतो, तोच हा. तोफांचे काम तर विशेष नावाजण्यासारखे. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस ओतकाम पाहत असे, आणि भट्टीवर राबणारे हात अर्थातच इथल्या कारागिरांचे. त्या तोफा युरोपीय तोफांच्या तोडीच्या होत्या, याची साक्ष त्यांच्याशी लढलेल्या इंग्रजांनीच दिली आहे.

१७९४ मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतरावांच्या काळात डी बॉईन मायदेशी गेला आणि कंपूंचा मुख्य पेरॉन झाला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले, तेव्हा या व्यवस्थेतले दुखणे उघडे पडले: फौज आपली, पैसा आपला, पण अधिकारी परके. शिंद्यांच्या चाकरीतले अनेक इंग्रज अधिकारी आधीच चाकरी सोडून गेले. ४ सप्टेंबरला जनरल लेकने अलीगडचा किल्ला घेतला आणि पेरॉन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. दिल्लीची फौज उरली लुई बुर्किन या फ्रेंच माणसाच्या हाती. पूर्वी कलकत्त्यात तो स्वयंपाक आणि आतषबाजी करीत असे, असे त्याच्याविषयी लिहिलेले सापडते. खरे असो वा नसो, सेनापती म्हणून त्याची कीर्ती याहून फार वेगळी नाही.

११ सप्टेंबरला लेकची फौज अठरा मैल चालून, हिंडन ओलांडून आली. उन्हाने थकलेले सैनिक तंबू ठोकत होते. समोर उंच गवतात मराठ्यांच्या तोफा दडलेल्या, दोन्ही बगलांना दलदल. पावसाळ्यानंतर यमुनेच्या खादरात गवत किती वाढते हे आपण पाहतोच. इंग्रजी कागदांप्रमाणे लेकजवळ सुमारे साडेचार हजार माणसे होती आणि बुर्किनजवळ एकोणीस हजारांच्या आसपास. तोफांचा मारा इतका जबर होता, की लेकचे घोडे त्याच्याखाली ठार झाले. समोरून चढाई करणे अवघड, म्हणून लेकने घोडदळ मागे घेतले. शत्रू पळाला असे वाटून मराठा फौज आपली बळकट जागा सोडून पुढे आली. मागे दबून असलेल्या पायदळासाठी घोडदळ बाजूला झाले आणि संगिनी रोखून इंग्रजांचा हल्ला आला. फळी फुटली. कित्येक जण यमुनेत बुडाले. अडुसष्ट तोफा गेल्या. बुर्किन तिसऱ्या दिवशी शरण गेला आणि १६ तारखेला लेक लाल किल्ल्यात आंधळ्या बादशहापुढे उभा राहिला. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतरावांनी दिल्लीवरचा हक्क सोडला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी शहराला वेढा घातला, पण ते हाती लागले नाही.

इंग्रज या लढाईला ‘दिल्लीची लढाई’ म्हणतात, आपण पटपडगंजची. पटपडगंज म्हणजे यमुनेपलीकडची जुनी धान्यबाजाराची वस्ती. आज तिथल्या सोसायट्यांत आपली बरीच कुटुंबे राहतात. स्तंभ मात्र तिथून काही किलोमीटर दक्षिणेला आहे, कारण लढाई काही एका गावाच्या वेशीत मावत नाही.

मैदानाचे सदस्य असलेल्या एका सहकाऱ्याबरोबर मी आत गेलो. एका कॅडीला विचारले, तर त्याने ‘जीतगढ’ म्हणून लगेच बोट दाखवले. चौथऱ्यावर उभा दगडी स्तंभ, १९१६ साली इंग्रजांनी बांधलेला. कोणाची जीत, हे त्या पोराला ठाऊक नव्हते आणि त्याचे काही अडतही नव्हते. लेखात लढाईची तारीख, लेकचे नाव आणि पराभूत मराठ्यांचा सेनापती म्हणून बुर्किनचे नाव आहे. आपल्या बाजूचे नाव असे तेवढे एकच, आणि तेही शरण गेलेल्या फ्रेंचाचे.

मेले ते कोण होते? प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक मराठी बोलणारे नव्हते. कंपूंत भरती होत असे ती अवध, रोहिलखंड आणि दोआबातल्या मुलखातून: राजपूत, ब्राह्मण, पठाण. शिंद्यांच्या पगारावर ते लढले. आपल्या सोसायटीचा चौकीदार, भाजीवाला, शेजारचे मिश्राजी ज्या मुलखातून आले, तिथलेच त्यांचे पूर्वज. म्हणून मला वाटते, पानिपतासारखे इथे फक्त आपणच जाऊ नये. या सप्टेंबरात मंडळातर्फे दहा-पंधरा जणांची परवानगी काढून सकाळी लवकर, खेळ सुरू होण्याआधी जावे असा विचार आहे. मिश्राजींनी येतो म्हणून सांगितले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे.